आत्याची अर्धी छापलेली साक्ष

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या वर्षी, पौषातल्या तिसऱ्या सोमवारी, दुपारी पावणेबारा वाजता, सांगलीच्या एका छापखान्यात. तिनं दिलेल्या साक्षीचा मोठा भाग त्या वेळी कापला गेला आणि उरलेलं एक वाक्य आम्ही गावोगाव वाटलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण आमच्या मंडळात छपाईआधी प्रुफावर सही करणाऱ्यानं तारीख आणि वेळ घालायची असते. त्या प्रुफावर सही माझी आहे. कापणारी मीच.

मी मूळची कोरेगावची. कॉलेजला सांगलीत आले आणि तिथंच राहिले. बुवाबाजीच्या विरोधात सभा घेणारं, पत्रकं काढणारं एक लहान मंडळ आहे, त्यात विसाव्या वर्षापासून काम करते. लिहायला मी शाळेत शिकले नाही, पत्रकात शिकले. आमचं पत्रक म्हणजे एक कागद, दोनदा दुमडलेला. एसटी स्टँडवर उभा असलेला माणूस गाडी लागेपर्यंत वाचणार, तेवढाच आपला वेळ. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून एक नियम शिकवलेला: विरुद्ध बाजूच्या सोयीची अर्धी ओळसुद्धा द्यायची नाही. दिली, की माणूस बाकीचं सगळं पत्रक टाकतो आणि ती अर्धी ओळ घेऊन घरी जातो. नियम खोटा नाही. मी स्टँडवर उभी राहून हे होताना पाहिलंय.

आता ज्या पत्रकाबद्दल सांगतेय त्याची गोष्ट.

आत्या दिली ती कुंडलच्या अलीकडच्या एका गावात. त्या गावात एक मठ आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मठाच्या महाराजांनी सांगितलं, की डोंगराच्या पायथ्याला पाया खणताना त्यांना सात ताम्रपट मिळाले. लिपी कुणालाच वाचता येत नाही, महाराजांना तेवढी ध्यानात उलगडते. ते बोलत गेले, एका शिष्यानं उतरवून घेतलं आणि पोथी तयार झाली. मग ताम्रपट कृष्णेत विसर्जित केले, म्हणजे आता दाखवायला काही नाही. त्याऐवजी पोथीच्या पहिल्याच पानावर नऊ जणांचं निवेदन छापलंय: आम्ही खाली सह्या करणारांनी सातही ताम्रपट डोळ्यांनी पाहिले व हातांनी उचलले. खाली नऊ सह्या. मठात कुणी शंका काढली, की पुजारी पोथी उघडून ते पान पुढं करतो. एवढी नऊ भली माणसं खोटं बोलतील का, हा त्यांचा एकच प्रश्न, आणि त्याच्यापुढं भलेभले गप्प होतात.

मी गप्प होणार नव्हते.

आमच्या मंडळात एक काका आहेत. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात साक्षी उतरवून घेण्यात घालवली. साक्षीदार काय म्हणाला आणि वकिलानं ते काय करून टाकलं, यातला फरक त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. मठाचं पान त्यांना दाखवल्यावर ते म्हणाले, हे पान मी आधी पाहिलंय, फक्त इंग्रजीत. आणि घरून एक जाडजूड फाईल घेऊन आले.

फाईल अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची होती. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका शेतकऱ्याच्या तरुण पोरानं सांगितलं, की देवदूतानं दाखवलेल्या टेकडीतून त्याला सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेलं पुस्तक मिळालं. त्यानं ते तोंडानं सांगितलं, दुसऱ्यांनी लिहून घेतलं. पत्रे देवदूताला परत गेले. आणि पुस्तकाबरोबर अकरा साक्षीदारांची दोन निवेदनं छापली गेली. तिघांनी म्हटलं, देवदूतानं आम्हाला पत्रे दाखवले. आठ जण म्हणाले, आम्ही ते पाहिले आणि उचलले. अकराही पुरुष. बहुतेक दोनच घरांतले, भाऊ, बाप, जावई असे.

मी ती फाईल दोन दिवसांत वाचली. वाचताना मला इतका आनंद होत होता, की मी हातात पेन घेऊन बसले होते आणि उपयोगी ओळीपुढं बरोबरची खूण, निरुपयोगी ओळीपुढं फुली मारत होते. एकाच घरातले साक्षीदार: बरोबर. निवेदन आधीच एका हातानं लिहिलेलं, खाली सगळ्यांची नावं: बरोबर. एका साक्षीदारानं पुढं म्हणे आध्यात्मिक डोळ्यांनी पाहिल्याचं बोलून दाखवलं: दोनदा बरोबर. ते विधान त्याचं खरंच होतं का, यावर वाद आहे असं फाईलीत लिहिलेलं होतं. तिथं फुली.

काकांनी एवढंच विचारलं, की तिघांचं पुढं काय झालं ते वाचलंस का. वाचलं होतं. ते तिघंही त्या संस्थापकाशी भांडून पंथाबाहेर गेले. दोघं बऱ्याच वर्षांनी परत आले, एक आलाच नाही. आणि तिघांपैकी कुणीही आपली साक्ष मागं घेतल्याची खात्रीची नोंद नाही. काका म्हणाले, याचा अर्थ लावायला अवघड आहे, म्हणून हे आधी लिहून ठेव. मी म्हटलं, पत्रकात अवघड गोष्टीला जागा नसते. ते हसले नाहीत.

मग मी गावात गेले. आत्याकडं मुक्काम. तिचे यजमान वारल्यापासून ती मठाच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत एकटी राहते. मठाचं स्वयंपाकघर तेव्हा तीच सांभाळायची, आणि दर अमावास्येच्या जेवणाची आमटीही तीच करायची. माझी कामं तिला पसंत नाहीत. ती पोथी ऐकते, हात जोडते, आणि मी आले की दोन भाकऱ्या जास्त थापते.

नऊ साक्षीदारांपैकी सात हयात होते. मी सगळ्यांना भेटले. सगळ्यांत मोकळे निघाले ते एक निवृत्त सुभेदार, सहीच्या क्रमात सातवे. मी त्यांना विचारलं, ताम्रपट उघडे पाहिलेत का.

"कापडात हुतं," ते म्हणाले.

"मग पाहिलं काय?"

"कापड." आणि स्वतःच हसायला लागले. "अगं पोरी, थोरल्या आण्णांनी 'दिसलं' म्हटल्यावर आमी काय म्हणायचं? न्हाई दिसलं? भावकीत ऱ्हायाचं हाय मला."

"निवेदन वाचलंत तरी का सही करताना?"

"वाचून सही करायची म्हंजी थोरल्यावर अविश्वास. फौजेत हुतो तवा वाचून करत हुतो. गावात न्हाई."

हे एकट्या सुभेदारांचं नव्हतं. त्या गावात, आणि खरं सांगायचं तर आमच्या कोरेगावाकडंही, सह्यांचा कागद असाच फिरतो. भावकीतला वडील माणूस आधी सही करतो; मठाच्या निवेदनावर पहिली सही थोरल्या आण्णांची होती. मग कागद वरून दुमडला जातो, सहीची जागा तेवढी उघडी, आणि वयाच्या क्रमानं घरोघर जातो. रस्त्याच्या अर्जाला तसंच, पाण्याच्या टाकीला तसंच. दुमड उलगडून वर काय लिहिलंय ते बघणं म्हणजे वडिलांच्या तोंडावर संशय घेणं. कुणी तसं करत नाही. सहीचा अर्थ 'मी पाहिलं' असा नसतोच, 'मी तुमच्यामागं आहे' असा असतो. नऊतले सहा एका भावकीचे होते, तीन त्यांचे सोयरे. तेव्हा ती नऊ माणसं खोटारडी नव्हती. नऊ साक्षीही नव्हत्या. एक साक्ष होती आणि आठ जणांनी तिला मान दिला होता. हे मी आजही छातीठोक सांगते, कुठल्याही सभेत, महाराज पुढं बसलेले असले तरी.

एक माणूस मात्र या हिशोबात बसेना. पिठाच्या गिरणीवाले, क्रमानं पाचवे. पालखीपुढं कुणी चालायचं यावरून त्यांचं महाराजांशी वाजलं आणि त्यांनी मठाची पायरी सोडली. मी खुशीत त्यांच्याकडं गेले. भांडलेला माणूस साक्ष फिरवणार, अशी माझी खात्री.

गिरणी चालू होती, त्यांनी ती बंद केली आणि म्हणाले, "मठ सोडला. सही सोडलेली न्हाई. मी उचललं हुतं, जड हुतं."

मी म्हटलं, तुमचं तर त्यांच्याशी पटत नाही.

"म्हणून साक्ष फिरवू व्हय? मग माझी साक्ष हुती तरी काय लायकीची?"

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. तेच उत्तर. तिसऱ्यांदा गेले नाही, आणि पत्रकात त्यांचा उल्लेखच ठेवला नाही.

शेवटी आत्या. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. भाकरी खाताना मी गिरणीवाल्यांबद्दल चिडून बोलत होते, तेव्हा ती चुलीकडं बघत म्हणाली, जड हुतंच की. मी घास हातात धरून बसले. मग कळलं, की ताम्रपट मठात होते त्या सबंध काळात ते मठाच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर ठेवलेले असायचे. भगव्या कापडात, वर घोंगड्याची घडी. आणि ती फळी रोज पुसायची ती आत्या. त्या वस्तूजवळ तिच्याइतका वेळ गावातलं दुसरं कुणीच नव्हतं. नऊ जणांनी एका सकाळी मिळून पाच-दहा मिनिटं घालवली असतील. हिनं पावसाळ्याचे चार महिने.

तुझी सही का नाही घेतली, मी विचारलं. ती म्हणाली, बायकांची कशाला, असं थोरले म्हणाले. आणि मग जरा तोऱ्यात: मला येते की सही. चौथीपातूर शिकलीय मी.

मी वही काढली. तिनं सांगितलेलं मी तिच्याच शब्दांत उतरवलं, कारण काकांनी तसं बजावलं होतं. ते असं:

"मी उघडून पाह्यलं न्हाई. उघडू नगं म्हणाले हुते. पर रोज उचलून बाजूला ठेवायचे. जड हुतं, धातूचं हुतं. एकावर एक पत्रं. अंगठा फिरवला की कडा वाजायच्या. कापडावरनंच मोजलं, पाच हुतं. चारी कोपऱ्यांला भोकं हुती, बोटाचं टोक जायचं."

पोथी म्हणते सात. ती म्हणाली पाच. मी तिला पोथीतलं दाखवलं. ती म्हणाली, पोथीत काय लिवलंय ते मला माहीत हाय. मी बोटानं मोजलेलं सांगते.

ही वही घेऊन मी सांगलीला आले आणि पत्रक लिहिलं. दुमडलेल्या कागदाची पद्धत, सुभेदारांचं 'कापड', अमेरिकेतले अकरा आणि आपल्याकडचे नऊ. माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यांत चांगलं पत्रक आहे असं तेव्हा सगळे म्हणाले. मागच्या बाजूला, वरून चौथी ओळ: 'मठात रोज स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनीही आम्हाला स्पष्ट सांगितलं, की त्यांनी ते ताम्रपट पाहिलेले नाहीत.'

प्रुफात सुरुवातीला पुढचा भाग होता. जड, धातूचं, पाच, भोकं. जागा कमी पडली असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. खोटं. जागा होती. मला ठरवायचंच होतं, की तिथं काहीही नव्हतं, कापडात हवा होती. आणि माझी स्वतःची आत्या म्हणत होती, की धातू होता. विरुद्ध बाजूच्या सोयीची अर्धी ओळ. मी रेघ मारली, सही केली, पावणेबारा लिहिलं.

नाव छापलं नव्हतं. पण त्या मठाचं स्वयंपाकघर कोण सांभाळतं हे आंधळ्यालाही माहीत. पत्रक गावात पोचलं आणि पुढच्या अमावास्येला ती सकाळी मठात गेली, तेव्हा तिची पातेली दुसरीच्या हातात होती. पुजारी म्हणाला, आक्का, तुमी आता दमलाय, घरी बसा. बाहेर नळावर बायकांनी तिला फितूर ठरवलं. इतकी वर्षं आमटी केली आणि आता म्हणते काही नव्हतंच. तिनं सांगून पाहिलं, की मी तसं म्हणाले नाही. त्या म्हणाल्या, छापलंय की.

हे मला तिनं कळवलं नाही. काहीतरी बिनसलंय एवढं मला कळलं ते पलूसच्या सभेत, बाकीचं नंतर तिच्या शेजारणीकडून. संध्याकाळची सभा, बाजारपेठेत, आमचा एक वक्ता रंगात आलेला. मी व्यासपीठावर. तो म्हणाला, मठाची स्वयंपाकीण आज आपल्या बाजूनं साक्ष देते, की तिथं काही नव्हतं. पत्रकात होतं त्याच्याही पुढं गेला तो. अर्धं वाक्य एकदा मोकळं सोडलं, की त्याचं असंच होतं. आणि मागून, बायकांच्या बाजूनं, आवाज आला.

"मी असं म्हणाले न्हाई."

ती उभी होती. शेजारणीला सोबत घेऊन, जीपमधून, एवढं एक वाक्य बोलायला आली होती. वक्त्यानं मठाकडून कुणीतरी पढवून पाठवलीय असं धरलं आणि माईकवर म्हणाला, बसा मावशी, घाबरू नका, आम्ही आहोत तुमच्यामागं. लोक हसले. टाळ्याही पडल्या. ती तशीच उभी राहिली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. उठून माईक घ्यायला चार पावलं होती. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले. ती तांदूळ निवडत होती. मी पायरीवर बसले आणि चूक झाली म्हणाले.

"त्यांनी माझी सही घेतली न्हाई," ती म्हणाली. "तू माझं बोलणं घेतलंस आनि कापलंस. त्या थोरल्यांत आनि तुझ्यात काय निराळं, सांग मला."

मी म्हटलं, आत्या, मठ लोकांना फसवतो, त्याच्याविरुद्ध होतं ते.

"मठाचं ऱ्हाऊ दे. माझं इचारते मी. मी पाह्यलं न्हाई म्हणाले, ते खरं. हुतं म्हणाले, तेबी खरं. तुमाला दोघांलाबी माझं निम्मं निम्मंच पायजे. जे बोलले ते समदं छाप. येवढंच माझं म्हणणं हाय."

पातेली परत मिळावीत, नळावरच्या बायकांनी तोंड भरून बोलावं, असलं काही तिनं मागितलं नाही. जे बोलले ते सगळं छाप. मी हो म्हटलं.

सांगलीला येऊन वही काकांपुढं टाकली. त्यांनी एका हातात वही, एका हातात पत्रक धरलं, सावकाश वाचलं आणि विचारलं, "ही भोकं कुठं गेली?"

मग त्यांनी अमेरिकेची फाईल उघडली आणि माझीच एक फुली दाखवली. त्या संस्थापकाच्या बायकोचं म्हणणं होतं तिथं. म्हातारपणी तिच्या मुलानं विचारून ते नोंदवलं. पत्रे कापडात गुंडाळून टेबलावर असायचे, घरकाम करताना ती ते इकडचे तिकडं हलवायची, कापडावरून तिनं ते चाचपले होते, कडांवर अंगठा फिरवला की धातूसारखा आवाज यायचा. उघडून तिनं कधी पाहिले नाहीत. अकरा जणांच्या यादीत ती नाही. ज्या घरात लिहिण्याचं काम चाललं होतं त्या घरातल्या आईनंही पत्रे पाहिल्याचं तिच्या घरचे पुढं सांगत. तीही यादीत नाही. मी दोन्हींपुढं फुल्या मारल्या होत्या. निरुपयोगी.

मला कुणी विचारलं तर सांगते, आणि हे मठवाल्यांनीही ऐकावं, मॉर्मन लोकांनीही: त्या बायकोच्या साक्षीनं पुस्तक देवाचं ठरत नाही. तिच्या साक्षीनं एवढंच ठरतं, की कापडात काहीतरी होतं, आणि तेही तिच्यावर विश्वास ठेवला तर. तिचं हित संस्थापकाच्या बाजूनं होतं, बोलली ती फार उशिरा, आणि विचारणारा तिचा स्वतःचाच मुलगा, तोही पंथातला. हे सगळं तोलायचं. पण तोलायला आधी ते ताजव्यात टाकावं लागतं. छापील अकरा जणांनी सांगितलेलं एकसारखं, गुळगुळीत. हिचं खडबडीत, मर्यादा स्वतः सांगणारं. साक्ष ओळखायची ती अशी. आपल्याला किती माहीत नाही हे जो आधी सांगतो, त्याचं उरलेलं ऐकण्यासारखं असतं. मी इतकी पत्रकं लिहिली, मला हे ठाऊक असायला हवं होतं.

काका आणि मी दोघं आत्याच्या गावी गेलो. चार कोपऱ्यांना भोकं असलेला, एकसारखा, पातळ धातूचा पत्रा कुठं असतो, एवढाच प्रश्न घेऊन. काका सुभेदारांशी बोलत बसले आणि बोलता बोलता निघालं, की गावच्या जुन्या देवळाच्या दाराला तांब्याचे पत्रे ठोकलेले होते, देऊळ नव्यानं बांधलं तेव्हा ते कुठं गेले कुणाला आठवत नाही. जुन्या दाराची एक फळी देवळामागं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्या लाकडावर पाच चौकटींचे डाग होते, हिरवट, एकाखाली एक. प्रत्येक चौकटीच्या चारी कोपऱ्यांना खिळ्याचं छिद्र.

मी आत्याला बोलावून आणलं. तिला काही सांगितलं नाही. काकांनी सक्त मना केलं होतं. त्यांनी तिला आधी विचारलं, त्या कापडातलं केवढं होतं, आठवतं का. तिनं हवेत हात धरला. लांबीला दोन वीत, रुंदीला एक वीत आणि वर चार बोटं. मग तिला दार दाखवलं. तिनं पदर खोचला, वाकली आणि पहिल्या चौकटीवर हात टेकवला. दोन वीत. एक वीत आणि चार बोटं. मग करंगळीचं टोक एका छिद्रावर नेलं.

माझ्या तोंडून निघालंच, की हेच ते.

"हेच असं मी म्हणत न्हाई," आत्या म्हणाली. "असं हुतं म्हणते. ल्ही तसंच."

कोर्टात आयुष्य काढलेल्या काकांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, बाई, अशी साक्ष मी फार थोड्या वेळा उतरवली. ती लाजली. मग मला म्हणाली, पत्रं दाराचं निघालं म्हणून देव खोटा हुत न्हाई, ध्यानात ठेव. मी म्हटलं, माझ्या मते होतो. ती म्हणाली, तुझं तुझ्यापाशी, पर माझ्या नावावर ते लिवू नगं. नाही लिहिणार. ती आजही पोथी मानते. मी मानत नाही. दाराच्या पत्र्यांबद्दलही आम्हाला जुळतं एवढंच म्हणता येतं. सिद्ध झालं म्हणता येत नाही, आणि मी म्हणणार नाही. पण बघा, महाराजांविरुद्ध हाती लागलेला सगळ्यांत भक्कम धागा त्या ओळीत होता जी मी त्यांच्या सोयीची समजून कापली.

चैत्रात मंडळाच्या बैठकीत मी दुरुस्तीचं पत्रक मांडलं. चार ओळी. अमुक पानावर अमुक वाक्य अपुरं छापलं, साक्ष पूर्ण अशी आहे, चूक आमची. कार्यकारिणीत कुणीच म्हणालं नाही, की चूक झालेली नाही. सगळे म्हणाले, वेळ चुकीची आहे. मठवाले त्याचा फ्लेक्स करतील. सात गावांत आत्ता कुठं लोक ऐकायला लागलेत. एका बाईच्या वाक्यासाठी सगळं काम मागं नेणार का. त्यातले बरेच जण मला प्रिय आहेत, त्यांच्याबरोबर मी उन्हातान्हात फिरले आहे, आणि त्यांना मी तिथंच सांगितलं, की हा कागद तुम्ही वरून दुमडताय. हात वर करायला सांगितलं तेव्हा काकांचा आणि माझा, असे दोनच वर आले.

मंडळ मी सोडलेलं नाही. सोडणारही नाही. मठ फसवतोय हे माझं मत आज पहिल्यापेक्षा पक्कं आहे आणि ते मी त्याच स्टँडवर उभं राहून सांगत राहीन. पण मी तिला शब्द दिलाय. मंडळ छापत नसेल तर मी माझ्या जबाबदारीवर छापते, म्हणून हे लिहिलं. आणि एवढ्यानं भागत नाही. पत्रक वाटलं त्याला वर्ष होऊन गेलं, ते आता तुमच्या घराघरांत आहे. तिथं माझा हात पोचत नाही, तुमचा पोचतो.

तेव्हा हे तुम्ही करायचं आहे. ते पत्रक शोधा. कपाटात असेल, फाईलीत असेल. मागची बाजू, वरून चौथी ओळ, ती खोडा. शेजारी तिचेच शब्द लिहा: 'मी उघडून पाह्यलं न्हाई. उघडू नगं म्हणाले हुते. पर रोज उचलून बाजूला ठेवायचे. जड हुतं, धातूचं हुतं. एकावर एक पत्रं. अंगठा फिरवला की कडा वाजायच्या. कापडावरनंच मोजलं, पाच हुतं. चारी कोपऱ्यांला भोकं हुती, बोटाचं टोक जायचं.' ज्यांच्या घरी मठाची पोथी आहे त्यांनी पहिलं पान उघडा, नऊ सह्यांच्या खाली मोकळी जागा आहे, तिथंही हेच लिहा. अक्षर कसंही असू दे, शब्द एकही बदलू नका. तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात हे मी विचारत नाही. पेन घ्या आणि आत्ता लिहा.